निपाणीतून परदेशी विद्यापीठापर्यंत: दोन सरकारांच्या करारातली जागा कशी मिळवायची

कर्नाटकात, महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या निपाणीत माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. पहाणी उतारा, पॅन, पासपोर्ट, सीईटी, सगळं इथं होतं. अलीकडे परदेशी शिकायला जायचं म्हणून फॉर्म भरायला येणारी पोरं वाढली आहेत. त्यांच्याबरोबर आलेले आई-बाप खुर्चीवर टेकायच्या आधी एकच विचारतात, "अक्का, किती लाख लागतील?" मी उलट विचारते, कुणाच्या पैशानं जायचंय? आपल्या, बँकेच्या, की त्या देशाच्या सरकारच्या?

तिसरं उत्तर ऐकून बरेचजण हसतात. शेत गहाण टाकल्याशिवाय पोरगं परदेशी जात नाही, हे आपल्याकडे इतकं पक्कं बसलंय की सरकार पैसे देऊन बोलावतं यावर विश्वास बसत नाही. पण ही व्यवस्था आजची नाही. जर्मनीची शिष्यवृत्त्या देणारी डाड ही संस्था १९२५ सालची. अमेरिकेशी आपला फुलब्राइट शिष्यवृत्तीचा करार फेब्रुवारी १९५० मध्ये झाला, आणि २००८ पासून दोन्ही सरकारं त्याचा खर्च उचलतात म्हणून त्याला फुलब्राइट-नेहरू म्हणतात. जपान सरकारची मेक्स्ट शिष्यवृत्ती १९५४ पासून चालू आहे, राष्ट्रकुल देशांची १९५९ पासून. हंगेरीची स्टायपेंडियम हंगेरिकम त्या मानानं नवी, २०१३ ची.

यात कुणी कुणावर उपकार करत नाही, हे डोक्यात ठेवूनच फॉर्म भरायला बसा. जपानात तरुण माणसं कमी पडतायत, जर्मनीला इंजिनिअर हवेत, हंगेरीला आपल्या विद्यापीठांत बाहेरची मुलं हवीत. आपल्या सरकारला आपली पोरं शिकून यायला हवीत. म्हणून करार होतात. अर्जात हात जोडायची गरज नाही.

अर्ज कुणाच्या टेबलावर जातो ते आधी बघा

शिष्यवृत्तीचं नाव कितीही मोठं असू दे, पहिला प्रश्न हाच. अर्ज तीन तऱ्हेनं जातात, आणि तऱ्हा चुकली तर हुशार पोराचाही अर्ज कुणी उघडून बघत नाही.

पहिली तऱ्हा म्हणजे आपल्याच सरकारनं नाव पुढं पाठवायचं. हंगेरीचं तसं आहे. भारतासाठी वर्षाला २०० जागांचा करार आहे, बारावीनंतरच्या पदवीपासून पीएचडीपर्यंत. अर्ज दोन ठिकाणी करावा लागतो: एक हंगेरीच्या टेम्पस पब्लिक फाउंडेशनच्या पोर्टलवर आणि दुसरा दिल्लीत, आपल्या शिक्षण मंत्रालयाच्या पोर्टलवर. माझ्याकडे येणाऱ्या पोरांतली निम्मी फक्त पहिला भरून मोकळी झालेली असतात. बुडापेस्टहून "अर्ज मिळाला" असा मेल येतो आणि घरात पेढे वाटले जातात. पण दिल्लीनं नाव पाठवलंच नाही तर तो अर्ज पुढं सरकत नाही. मुदत साधारण जानेवारीच्या मध्याला, म्हणजे संक्रांतीच्या आसपास संपते. दोन्ही पोर्टलच्या तारखा एकच असतात असं धरून चालू नका, दोन्ही वेगवेगळ्या लिहून घ्या. राष्ट्रकुल शिष्यवृत्तीतही एम.ए., एम.एस्सी., पीएचडीच्या काही जागांसाठी भारतातून नाव शिक्षण मंत्रालयच पाठवतं.

दुसरी तऱ्हा म्हणजे त्या देशाच्या वकिलातीतून. जपानची मेक्स्ट अशी मिळते. इथं आपल्या भागातल्या पोरांची गंमत होते. निपाणीच्या माणसाचं बाजारहाट, दवाखाना, सोयरीक सगळं कोल्हापुरात आणि नोकरी पुण्यात. त्यामुळं त्याला वाटतं जपानचं काम मुंबईला. पण वकिलाती पत्ता बघतात. आधार आणि पासपोर्टवर कर्नाटक असेल तर आपली जपानी वकिलात बेंगळुरूची. जर्मनीचंही तेच, कर्नाटकाचं काम बेंगळुरूच्या वकिलातीकडे. सीमाप्रश्न २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, तो तिथं सुटेल तेव्हा सुटेल. व्हिसाच्या खिडकीवर तो मांडू नका. राज्याच्या हद्दीवरच्या कोगनोळी नाक्याच्या अलीकडं राहता की पलीकडं, एवढंच तिथं विचारतात.

मेक्स्टची जाहिरात एप्रिल-मेच्या सुमाराला निघते. बारावीनंतर पदवीसाठी निवड झाली तर फी माफ, विमानाचं तिकीट, आणि महिन्याला १,१७,००० येन, म्हणजे साठ-सत्तर हजार रुपये. पहिलं वर्ष नुसतं जपानी भाषा आणि पूर्वतयारीचं असतं, पुढची चार पदवीची. लेखी परीक्षा असते आणि गणित कस काढतं. परीक्षेला फी नाही. पीयूसीला, म्हणजे इकडच्या अकरावी-बारावीला, सायन्स घेतलेल्या आणि गणितात हात असलेल्या पोरापोरींनी हिचा विचार न करणं मला खरंच समजत नाही. सगळे नीटच्या मागं.

तिसरी तऱ्हा थेट विद्यापीठाकडं. युरोपियन युनियनचं इरॅस्मस मुंडुस यातलं. २००४ पासून चालू आहे. तीन-चार देशांची विद्यापीठं मिळून एकच मास्टर्स चालवतात आणि विद्यार्थी कमीत कमी दोन देशांत शिकतो. शिष्यवृत्ती मिळाली तर फी नाही, वर महिन्याला १,४०० युरो, म्हणजे सव्वा लाखाच्या पुढं. मध्ये दिल्ली नाही, वकिलात नाही. प्रत्येक कोर्सची वेबसाइट, मुदत आणि कागदांची यादी वेगळी. युरोपियन युनियनच्या पानावर सगळ्या कोर्सची यादी आहे, ती बसून वाचायला हवी. आमच्याकडची पोरं "इरॅस्मसचा फॉर्म द्या अक्का" म्हणून येतात. असा एक फॉर्म नाहीच. कोर्स निवडून या, मग फॉर्म.

फुलब्राइट-नेहरू मास्टर्स आणि ब्रिटनची चीव्हनिंग या दोन्हींचं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं, पण त्या कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्यांसाठी नाहीत. फुलब्राइटला तीन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, चीव्हनिंगला दोन. चीव्हनिंगमध्ये परत येऊन दोन वर्षं आपल्या देशात राहायची अटही आहे. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात, बँकेत, शाळेत, संस्थेत काम करणाऱ्यांनी त्या बघाव्यात.

कागद: इथंच आपल्या भागातली पोरं अडकतात

मार्क कमी पडून परत आलेल्यांपेक्षा नावाच्या स्पेलिंगवरून अडकलेली पोरं मी जास्त बघितलीत. त्यामुळं यावर थोडं सविस्तर.

कर्नाटक बोर्डाच्या एसएसएलसी, म्हणजे दहावीच्या, मार्क्सकार्डावर नाव बहुतेक वेळा एक शब्द आणि पुढं-मागं इनिशियल, असं असतं. महाराष्ट्रात शिकलेल्याच्या गुणपत्रिकेवर आडनाव, नाव, वडलांचं नाव अशी पूर्ण ओळ. आता आमच्याकडचा नेहमीचा नमुना बघा: दहावी निपाणीत, अकरावी-बारावी आणि बी.एस्सी. देवचंद कॉलेजात. देवचंद म्हणजे निपाणीचंच कॉलेज म्हणून आम्ही म्हणतो, पण ते उभं आहे अर्जुननगरात, कागल तालुक्यात, कोल्हापूर जिल्ह्यात. पोरं चालत राज्य ओलांडून लेक्चरला जातात. पदवी मिळते शिवाजी विद्यापीठाची. एकाच पोराकडे दोन राज्यांचे कागद, दोन पद्धतींची नावं, त्यात आधारवर तिसरं काहीतरी. दिल्लीतल्या किंवा बर्लिनमधल्या माणसाला ही तीन माणसं वाटतात, आणि त्याचं काही चुकत नाही.

उपाय असा. दहावीचं मार्क्सकार्ड हा पाया धरा. पासपोर्ट त्याच स्पेलिंगनं काढा. इनिशियलचा पूर्ण शब्द करायचा असेल तर पासपोर्टच्या अर्जाआधी आधार नीट करून घ्या, मागनं नाही. पासपोर्टवर आडनाव आणि नाव या दोन वेगळ्या ओळी असतात. आडनावाची ओळ मोकळी सोडली तर पुढं प्रत्येक ऑनलाइन फॉर्म तिथं अडतो. मार्क्सकार्डातच चूक असेल तर शाळेच्या मुख्याध्यापकांमार्फत बोर्डाकडे दुरुस्तीचा अर्ज जातो. त्याला वेळ लागतो, म्हणून हे काम पदवीच्या दुसऱ्या वर्षाला सुरू करा. दुरुस्ती होण्यासारखी नसेल तर "ही सगळी नावं एकाच व्यक्तीची" असं प्रतिज्ञापत्र इंग्रजीत करून ठेवा आणि प्रत्येक अर्जाला जोडा. विचारायची वाट बघू नका.

गावाच्या नावाचंही तसंच. १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं इंग्रजी नाव अधिकृतपणे बदललं. म्हणून २००५ मध्ये जन्मलेल्या मुलीच्या जन्मदाखल्यावर जुनं स्पेलिंग आणि आधारवर नवं. निपाणी एका पीनं का दोन पीनं, हा आणखी एक खेळ. त्यात पूर्वी आमचा तालुका चिकोडी, आता निपाणी स्वतःच तालुका, म्हणून पत्त्याची ओळही जुळत नाही. यातलं काही चूक नाही, त्यामुळं जन्मदाखला बदलायच्या भानगडीत पडू नका. पासपोर्टवर जे आलंय तेच अक्षर न् अक्षर सगळ्या फॉर्मांत लिहा, आणि नामांतराच्या राजपत्राची प्रत फाइलला लावून ठेवा. भावना बाजूला ठेवा. काकाने "बेळगाव असंच लिही" म्हणून सांगितलं असेल तर ते घराच्या पाटीवर लिहा.

ट्रान्सस्क्रिप्टबद्दल. म्हणजे सगळ्या सेमिस्टरचे विषय, क्रेडिट आणि गुण एकत्र असलेला, विद्यापीठानं दिलेला कागद. मार्क्सकार्डांचं झेरॉक्स म्हणजे ट्रान्सस्क्रिप्ट नव्हे. तो कॉलेज देत नाही, विद्यापीठ देतं, म्हणून तुमचं विद्यापीठ कुठलं ते बघा. इंजिनिअरिंगचं व्हीटीयू (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ), ते बेळगावातच मच्छे इथं, ते बरं. बेळगाव जिल्ह्यातली बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.ची कॉलेजं राणी चन्नम्मा विद्यापीठाकडे आहेत, पण हे विद्यापीठ २०१० चं. त्याआधी शिकलेल्या थोरल्या बहिणीला कागदासाठी धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात जावं लागेल. देवचंदवाल्यांनी कोल्हापूर. इथून तीनही दिशांना गाड्या आहेत, पण चुकीच्या गाडीत बसून दिवस घालवू नका.

मग अपोस्टिल. परदेशातल्या कार्यालयाला आपल्या कागदावरची सही खरी आहे हे कळावं म्हणून परराष्ट्र मंत्रालय जो शिक्का लावतं तो. १९६१ च्या हेग कराराची ही पद्धत, भारतात २००५ पासून लागू. मंत्रालयाची फी एका कागदाला ५० रुपये, वर स्वीकारणाऱ्या एजन्सीचा आकार. पण त्याआधी राज्य सरकारनं तो कागद खरा म्हणून सांगावा लागतो, आणि ते राज्य म्हणजे तुम्ही राहता ते नव्हे, कागद जिथं निघाला ते. एसएसएलसीचं मार्क्सकार्ड बेंगळुरूच्या वाटेनं, शिवाजी विद्यापीठाची पदवी मुंबईच्या वाटेनं. एकाच पोराचे कागद दोन वाटांनी पाठवायचे, ही सीमाभागाची खास मेहनत. म्हणून सगळ्याच कागदांना अपोस्टिल करायला धावू नका. अर्जाच्या वेळी बहुतेक ठिकाणी नुसतं स्कॅन चालतं, निवड झाल्यावर मूळ मागतात. यादीत लिहिलं असेल तेवढंच करा.

नाडकचेरीतून, म्हणजे महसूल खात्याच्या इथल्या कार्यालयातून, मिळणारा उत्पन्नाचा, जातीचा दाखला कन्नडमध्ये असतो. त्याचं इंग्रजी भाषांतर करून, भाषांतरकाराची सही आणि नोटरीचा शिक्का घेऊन ठेवा. मराठीतल्या कागदांचंही तसंच. महाराष्ट्र सरकार सीमाभागातल्या मराठी मुलांना तिकडच्या इंजिनिअरिंग प्रवेशात जी सवलत देतं, ८६५ गावांची म्हणून आपल्याला माहीत असलेली, तिचा दाखला या परदेशी अर्जांत कुठंही जोडायचा नसतो. एका मुलानं तो जर्मनीच्या अर्जाला लावायला आणला होता, आपल्याकडं आहे तेवढं सगळं लावावं म्हणून. ठेव म्हटलं घरी.

फुकट म्हणजे किती फुकट

जर्मनीच्या सरकारी विद्यापीठांत फी नाही, हे आता आमच्या चहाच्या टपरीवरही माहीत आहे. ते बरंचसं खरं आहे. पण बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात युरोपबाहेरच्या मुलांना २०१७ पासून सेमिस्टरला १,५०० युरो लागतात, आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनं २०२४ पासून फी सुरू केली आहे. म्हणून "जर्मनी फुकट" असं न म्हणता "हे विद्यापीठ, हा कोर्स" असं बघा.

फी नसली तरी राहण्या-खाण्याचे पैसे तुमच्याकडं आहेत हे व्हिसाआधी दाखवावं लागतं. त्यासाठी ब्लॉक्ड अकाउंट: वर्षाचे ११,९०४ युरो त्यात भरायचे, महिन्याला ९९२ युरो तुम्हालाच खर्चाला परत मिळतात. हे पैसे कुणाला द्यायचे नसतात, ते तुमचेच, पण उभे मात्र करावे लागतात. साधारण अकरा-बारा लाख. तंबाखूचे पैसे एकदम येतात म्हणून त्यावर भिस्त ठेवणारी घरं इथं आहेत. त्यांना मी सांगते, व्हिसाची तारीख तंबाखूच्या पट्टीवर ठरत नाही. बँकेशी सहा महिने आधी बोला.

१ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी एपीएस सर्टिफिकेट लागतं. दिल्लीतलं त्यांचं कार्यालय तुमचे शिक्षणाचे कागद तपासून ते देतं. फी १८,००० रुपये. प्रवेश मिळाल्यावर करू म्हणून थांबू नका, बरीच विद्यापीठं अर्जातच ते मागतात. बारावीनंतर थेट जर्मनीत पदवीला जायचं असेल तर जेईई अॅडव्हान्स्ड पास असणं किंवा इथं पदवीचं एक वर्ष पूर्ण करणं, अशी वाट आहे. नुसत्या पीयूसीच्या मार्कांवर कुणी नेतो म्हणाला तर तो नेमकं कुठं नेतोय ते विचारा.

आपले मार्क त्यांच्या मापात किती, हे घरी काढता येतं. त्यांच्याकडं १ म्हणजे सगळ्यात चांगलं आणि ४ म्हणजे कसंबसं पास. शंभरातून आपले मार्क वजा करा, त्याला शंभर वजा पासिंगच्या मार्कांनी भागा, तीननं गुणा, एक मिळवा. पासिंग ४० आणि आपले ७० असतील तर ३० भागिले ६०, म्हणजे अर्धा, गुणिले तीन, म्हणजे दीड, अधिक एक: अडीच. बऱ्याच कोर्सना अडीच ही रेघ असते. त्याच्या खाली आकडा असेल तर निर्धास्त अर्ज करा, वर असेल तर अट वाचूनच.

हंगेरीत फी नाही, वसतिगृह फुकट किंवा भाड्याला महिन्याला ४०,००० फोरिंट मिळतात, आणि पदवी-मास्टर्सच्या मुलांना हातखर्चाला ४३,७०० फोरिंट. आकडा मोठा दिसतो. रुपयांत तो दहा-अकरा हजार होतो. त्यात बुडापेस्टमध्ये महिना निघत नाही. घरून थोडे पाठवावे लागतील, किंवा पोराला काम शोधावं लागेल. विमानाचं तिकीटही आपलंच. तरी मी म्हणेन घ्या, कारण फी वाचते तीच मोठी. फक्त घरी खरा आकडा सांगून जा.

पैशाचं आपल्या बाजूचंही बघा. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागिरांच्या मुलांसाठी आहे. वर्षाला १२५ जागा, उत्पन्न आठ लाखांच्या आत, ६० टक्के गुण, वय ३५ च्या आत. कर्नाटक सरकारची प्रबुद्ध योजना अनुसूचित जाती-जमातींसाठी. महाराष्ट्राच्या परदेशी शिष्यवृत्त्यांना महाराष्ट्राचा अधिवास लागतो. तिकडं मामा आहे म्हणून आपण धरले जात नाही. ती ओळ आधी वाचा, मग स्वप्नं बघा.

पत्र आणि शिफारस

प्रत्येक अर्जात "मला हा कोर्स का करायचा" असं एक पान लिहावं लागतं. पोरं ते नेटवरून उचलतात. सगळ्यांच्या पत्रात लहानपणापासून विज्ञानाची ओढ आणि जग बदलायची इच्छा. वाचणाऱ्याकडं अशी हजार पानं असतात.

एका मुलीची आई बिडी वळायची. पोरीला पब्लिक हेल्थ शिकायचं होतं आणि पत्रात तिनं आईचा शब्द काढला नव्हता, लाज वाटली म्हणून. मी म्हटलं, तुझ्या गल्लीत सूप मांडीवर घेऊन दिवसभर बसणाऱ्या बायकांचा खोकला तू जेवढा ऐकलायस तेवढा त्या प्रोफेसरांनी पुस्तकातही ऐकला नसेल. लिही की. तिनं लिहिलं: किती बायका, घरात वारा कुठून येतो, तंबाखूची धूळ पोरांच्या अंथरुणावर कशी पडते, सरकारी दवाखान्यात काय औषध देतात. एक पान पुरलं नाही तिला. इरॅस्मसच्या एका कोर्सच्या राखीव (वेटिंग) यादीत तिचं नाव आलं आणि पुढची मुलं गळाल्यावर वर सरकलं. राखीव यादी आली म्हणून रडत बसू नका, हेही त्यातून कळलं असेल.

तुमच्याकडंही असं काही असणारच. खानापूरकडचा असाल तर जंगल, पाऊस आणि गव्यांनी खाल्लेलं भात. उद्यमबागेत वडील फाउंड्रीत असतील तर ओतकाम. येळ्ळूरचे असाल तर बासमती. तुमच्या विषयाशी त्याचं नातं दोन ओळींत सांगता आलं पाहिजे, एवढंच.

शिफारसपत्राला दोन प्राध्यापक लागतात. "तूच लिहून आण, मी सही करतो" हे आपल्याकडचं ठरलेलं उत्तर. पण आता बऱ्याच पोर्टलवरून लिंक थेट प्राध्यापकांच्या मेलवर जाते, आणि जीमेलपेक्षा कॉलेजचा मेल असेल तर वजन पडतं. सरांना आधी भेटा, मुदतीच्या महिनाभर आधी. तुमचे गुण, प्रोजेक्ट, त्यांच्या तासाला केलेलं एखादं काम एका कागदावर लिहून द्या, म्हणजे त्यांना आठवून लिहिता येतं. मुदतीच्या दोन दिवस आधी एकदा फोन. सर रागावतील, रागावू देत.

इंग्रजीचं म्हणाल तर मराठी माध्यमात शिकल्याची भीती वाटून घेऊ नका. पदवी इंग्रजीतून असेल तर काही विद्यापीठांना कॉलेजचं तसं पत्र पुरतं. बाकीच्यांना आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा. त्याचा निकाल दोन वर्षं चालतो, म्हणून पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीला द्या, त्याआधी घाई नको.

वर्षाचं गणित

गणपती ते संक्रांत हा फॉर्मचा हंगाम. चीव्हनिंग आणि राष्ट्रकुल साधारण गणपती-दसऱ्याच्या दिवसांत, इरॅस्मसचे बहुतेक कोर्स दिवाळीपासून जानेवारीपर्यंत, हंगेरी संक्रांतीला. मग जरा उसंत, आणि उन्हाळ्यात मेक्स्ट. फुलब्राइटही उन्हाळ्याच्या आसपासच. मधल्या सुट्ट्या मोजून ठेवा. १ नोव्हेंबरला एकीकडं कर्नाटकाचा राज्योत्सव, दुसरीकडं सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिन, कार्यालयं बंद आणि कधी नेटही धड चालत नाही. त्या आठवड्यात शेवटची तारीख असेल तर दिवाळीआधीच अर्ज टाकून मोकळे व्हा. तारखा दरवर्षी थोड्या हलतात, म्हणून मोबाइलमध्ये फिरणाऱ्या यादीवर नाही, मूळ वेबसाइटवर बघा.

एजंट

"अक्का, पन्नास हजार दिले तर सरकारी स्कॉलरशिपची सीट पक्की म्हणतोय." हे वाक्य मी दर हंगामात ऐकते. वर सांगितलेल्या एकाही शिष्यवृत्तीत पैसे घेऊन जागा देण्याचा अधिकार कुणालाही नाही. फॉर्म भरून द्यायचे, स्कॅन करायचे, कुरिअरचे पैसे कुणी घेतले तर तो त्याच्या कामाचा मोबदला, मीही घेते. पण पासवर्ड दुसऱ्याच्या हातात देऊ नका. मेल आयडी पोराचा स्वतःचा असावा, काकाचा नको, माझ्या दुकानाचा तर अजिबात नको. मुलाखतीचं बोलावणं त्याच मेलवर येतं.

परदेशी एमबीबीएसच्या पाट्या बेळगावात चौकाचौकांत आहेत. ती या करारांतली गोष्ट नाही, तो पैसे देऊन घ्यायचा प्रवेश आहे. जायचंच असेल तर एनएमसीचे (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे) नोव्हेंबर २०२१ चे नियम वाचा: नीट पास, कोर्स किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजीतून, वर तिथंच १२ महिन्यांची इंटर्नशिप. यातलं एक जरी नसलं तरी परत येऊन इथं डॉक्टरकी करता येणार नाही.

घर फार लांब सोडायचं नसेल तर

मुलीला युरोपला पाठवायला घर तयार नसतं. भांडत बसण्यापेक्षा दिल्लीची साउथ एशियन युनिव्हर्सिटी दाखवा. सार्कच्या आठ देशांनी २००७ मध्ये करार करून काढलेलं हे विद्यापीठ, २०१० पासून चालू. तिथली पदवी त्या सगळ्या देशांना मान्य. वर्गात नेपाळ, बांगलादेश, भूतान, श्रीलंकेची मुलं. बेळगावहून गोवा एक्सप्रेस थेट निजामुद्दीनला जाते, आजीलाही पटवता येतं.

उलटी वाहतूकही आपल्या डोळ्यांसमोर आहे. बेळगावच्या नेहरूनगरात २०१० पासून मलेशियाची मुलं डॉक्टरकी शिकली, इथली केएलई संस्था आणि युनिव्हर्सिटी सेन्स मलेशिया यांच्या करारातून, पदवी मलेशियाची. त्यांना बेळगाव परदेश. आता यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनी इकडची आणि परदेशातली विद्यापीठं मिळून पदवी देऊ शकतात. ट्विनिंगमध्ये, म्हणजे थोडं इथं आणि थोडं तिथं शिकायच्या पद्धतीत, ३० टक्क्यांपर्यंत क्रेडिट बाहेर करता येतात, पदवी इथलीच. आपल्या कॉलेजात असा काही करार आहे का, हे प्राचार्यांना विचारा. बऱ्याचदा करार फाइलीत असतो आणि विचारणारं कुणी नसतं.

परत आल्यावर ती पदवी चालेल का

हे जाण्याआधी विचारायचं. ब्रिटनची एक वर्षाची मास्टर्स पूर्वी इथं सरकारी नोकरीला अडायची. जुलै २०२२ मध्ये दोन्ही देशांनी एकमेकांच्या पदव्या मानायचा करार केला, त्यात ती बसली. पण इंजिनिअरिंग, वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, कायदा, आर्किटेक्चर या पदव्या त्या करारात नाहीत. त्यासाठी इथल्या त्या त्या कौन्सिलचे नियम. एप्रिल २०२५ पासून परदेशी पदवीच्या समकक्षतेचं प्रमाणपत्र यूजीसीकडून घ्यायची सोय झाली आहे. तिकडून निघताना पदवी, ट्रान्सस्क्रिप्ट आणि कोर्सचा छापील अभ्यासक्रम, तीनही घेऊन या. इथून परत मागवणं म्हणजे महिनोन् महिने.

निवडीचं पत्र हातात आलं की कागदांचे तीन संच करा. एक विमानात हातातल्या पिशवीत, एक मोठ्या बॅगेत, एक घरी आईच्या ताब्यात, आणि सगळ्यांचं स्कॅन पोराच्या स्वतःच्या मेलवर. घरातल्या एका माणसाला बँकेच्या आणि विद्यापीठाच्या कामापुरतं मुखत्यारपत्र करून द्या, कारण कॉनव्होकेशनचं सर्टिफिकेट नेमकं पोरगं गेल्यावर निघतं. झेरॉक्स माझ्याकडं एक रुपया, स्टँडजवळ दोन.